तीन किलोमीटरच्या आतली लढाई

‘एलिट डेंजरस’ हा अंतराळ-उड्डाणाचा खेळ सुरू केला की हातात पहिलं जहाज येतं ते साइडवाइंडर. लहानखुरं, स्वस्त, आणि त्यावर दोन छोटे पल्स लेझर बसवलेले. काही चाचे पाडून खात्यात थोडे क्रेडिट जमले की खेळाडू स्थानकावर उतरतो आणि शस्त्रांचं दुकान उघडतो. तिथली यादी लांबलचक असते. पल्स, बर्स्ट आणि बीम असे तीन लेझर, मल्टी-कॅनन, कॅनन, फ्रॅगमेंट कॅनन, रेलगन, प्लाझ्मा अ‍ॅक्सिलरेटर, क्षेपणास्त्रं, टॉर्पेडो, सुरुंग. प्रत्येकासमोर आकड्यांचे रकाने. नव्या माणसाची नजर दर सेकंदाला होणाऱ्या नुकसानीच्या रकान्यावर थांबते आणि ज्याचा आकडा मोठा, ते शस्त्र तो घेतो. बऱ्याचदा तो बीम लेझर असतो. पुढच्या झुंजीत हा लेझर काही क्षण लखलखतो आणि मग विजेअभावी गप्प होतो. समोरचा चाचा अजून शाबूत असतो.

दुकानातला आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. वीज पुरली, जहाज तापलं नाही, नेम सुटला नाही, अंतर वाढलं नाही आणि समोरच्या जहाजाने सगळा मारा अंगावर घेतला तर किती नुकसान होईल, एवढंच तो सांगतो. झुंजीत या पाचांपैकी एकही गोष्ट धरून चालता येत नाही. प्रत्येक शस्त्र वैमानिकाकडून काहीतरी वसूल करतं. एकाला वीज हवी असते, दुसऱ्याला शत्रूच्या अगदी जवळ जाणं, तिसऱ्याला स्थिर हात, चौथ्याला थंड जहाज. म्हणून शस्त्र निवडताना आपण खरं तर पुढच्या शंभर झुंजींत कसं उडायचं, हे ठरवत असतो. या प्रकरणात शस्त्रांकडे आपण त्याच बाजूने पाहणार आहोत.

हा विचार या खेळांइतकाच जुना आहे. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. मध्ये एक तारा, त्याभोवती दोन जहाजं. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण जहाजांना ओढायचं, पण त्यांनी सोडलेल्या टॉर्पेडोंना नाही. प्रत्येक टॉर्पेडोवरच्या गुरुत्वाकर्षणाचं गणित करण्याइतकी त्या यंत्राची ताकद नव्हती. त्यामुळे जहाज वाकड्या वाटेने जाणार आणि गोळा सरळ रेषेत, असा प्रकार झाला. यंत्राच्या मर्यादेतून शस्त्राचा स्वभाव ठरला आणि खेळाडू त्या स्वभावाप्रमाणे डावपेच रचायला शिकले.

पुढे १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन तरुणांनी मूळ ‘एलिट’ लिहिला, तो ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी. त्यात ८ दीर्घिका होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. शस्त्रांची यादी मात्र छोटी होती: पल्स, बीम आणि लष्करी लेझर, खाणकामाचा एक लेझर, क्षेपणास्त्रं. मला त्यातली सगळ्यांत बुद्धिमान गोष्ट वाटते ती लेझर बसवण्याच्या जागांची. पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार दिशांना लेझर लावता येई. मौल्यवान माल घेऊन निघालेला व्यापारी मागच्या बाजूला लेझर लावून पळता पळता पाठलाग करणाऱ्याला झोडपू शकत असे. शिकारीवर निघालेल्याचे पैसे पुढच्या लेझरवर खर्च होत. जहाज दोघांचंही तेच, कोब्रा मार्क ३. ते कशासाठी निघालं आहे, हे लेझर कुठे लावला यावरून कळायचं.

ब्रेबन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘एलिट डेंजरस’ आणला तेव्हा आपली अख्खी आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारमानात, सुमारे ४०० अब्ज तारामंडळांसह उभी केली. पण लढाई होते ती तीन-चार किलोमीटरच्या आतच. लेझरचा पल्ला साधारण ३ किलोमीटर, मल्टी-कॅननचा ४. लेझरचा जोर तर ५०० ते ६०० मीटरपासूनच घटायला लागतो. ५०० मीटरपर्यंत पूर्ण जोर असलेला पल्स लेझर १७५० मीटरवर निम्मा उरतो आणि ३ किलोमीटरवर संपतो.

खऱ्या अवकाशात असं होणार नाही. तिथे हवा नसल्यामुळे किरण वाटेत शोषला किंवा विखुरला जात नाही. त्याला पसरवतं ते फक्त विवर्तन. १० सेंटिमीटर व्यासाच्या आरशातून १ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण सोडला, तर विवर्तनामुळे ३ किलोमीटरवर तो जेमतेम काही सेंटिमीटर पसरेल. म्हणजे खरा लेझर याच्या कित्येक पट लांबून मारा करू शकेल, आणि खरी अंतराळ-लढाई झालीच तर दोन्ही पक्ष एकमेकांना डोळ्यांनी पाहूही शकणार नाहीत. पडद्यावर एक ठिपका आणि त्याच्याशेजारी काही आकडे, एवढंच दृश्य असेल. खेळ रचणाऱ्यांना शत्रूच्या जहाजाचे पंख, त्याच्या इंजिनांची झळाळी, त्याने घेतलेली गिरकी हे सगळं दिसायला हवं होतं. म्हणून त्यांनी अंतर घटवलं आणि वेगावरही मर्यादा घातली. जहाज सगळ्यांत चपळ वळतं तेही वेगाच्या मधल्या पट्ट्यात, विमानासारखं. विज्ञानाशी ही तडजोड झाली खरी, पण तिच्यामुळेच शस्त्रांच्या निवडीला अर्थ आला. सगळी शस्त्रं सगळ्या अंतरांवर सारखीच चालली असती तर निवडायचं काय?

आता विजेचा हिशोब. जहाजातलं वीजकेंद्र एकूण किती वीज तयार करतं, ही पहिली मर्यादा. शस्त्रं, शील्ड, इंजिन, संवेदक हे सगळे मिळून त्याच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. व्हल्चर हे छोटं लढाऊ जहाज यासाठी प्रसिद्ध आहे. त्यावर शस्त्रांच्या दोन मोठ्या जागा, म्हणजे हार्डपॉइंट आहेत आणि वळण्यात ते भल्याभल्यांना ऐकत नाही. पण वीजकेंद्र चौथ्या आकाराचंच. दोन जबर शस्त्रं लावली की इतर काहीतरी बंद ठेवावं लागतं. व्हल्चर उडवणारा माणूस मेगावॉटच्या दशांशांचा हिशोब करायला शिकतो आणि ती सवय पुढे मोठ्या जहाजांवरही त्याच्या कामी येते.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे आणि बीम लेझर घेणारा नवा खेळाडू नेमका तिथेच अडतो. शस्त्रांना लागणारी वीज थेट वीजकेंद्रातून येत नाही. ती डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या यंत्राच्या, एका कपॅसिटरमध्ये साठते आणि तिथून खर्च होते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं हे आहे: खालची मोटर कितीही चांगली असली तरी सगळे नळ एकदम सोडले की टाकी रिकामी होते आणि भरेपर्यंत थांबावं लागतं. असे कपॅसिटर तीन असतात. एक शील्ड आणि इतर यंत्रणांसाठी, दुसरा इंजिनांसाठी, तिसरा शस्त्रांसाठी. त्यांच्यात मिळून ६ पिप, म्हणजे विजेच्या वाटणीचे हिस्से, वाटायचे असतात आणि एकाला जास्तीत जास्त ४ देता येतात. शस्त्रांना ४ दिले की त्यांचा कपॅसिटर भराभर भरतो, पण उरलेल्या २ पिपांत शील्ड आणि इंजिन भागवावी लागतात. शील्डकडचे पिप कमी झाले की तीच शील्ड मार जास्त खाते. चांगला वैमानिक नेम धरताना पिप शस्त्रांकडे नेतो आणि शत्रूची तोंडं आपल्याकडे वळली की क्षणात शील्डकडे. एका झुंजीत त्याची बोटं हे कितीतरी वेळा करतात.

हे कळलं की लेझरांमधला फरक उलगडतो. बीम सलग चालतो, नुकसान सर्वाधिक करतो आणि कपॅसिटर वेगाने रिकामा करतो. पल्स थांबून थांबून मारतो, नुकसान कमी, पण वीज फार काटकसरीने वापरतो. बर्स्ट या दोघांच्या मधला. लहान जहाजाचा डिस्ट्रिब्युटर लहान असतो आणि त्यावर बीम लावणं म्हणजे प्रत्येक चढाईनंतर गप्प बसायची तयारी ठेवणं. म्हणून साइडवाइंडरवर कंपनीने पल्सच का दिले, ते समजतं. मल्टी-कॅननला वीज अगदी थोडी लागते, तिला लागतात गोळ्या. एका वेळी भरलेल्या १०० आणि साठ्यात २१००. त्या संपल्या की स्थानकावर परत. लेझरला दारूगोळा नाही. त्यामुळे स्थानकापासून दूर, दिवसभर डोक्यावर बक्षीस असलेले गुन्हेगार शोधत हिंडणाऱ्याने एक तरी लेझर बाळगावाच, असं माझं मत आहे.

पण लेझर आणि मल्टी-कॅनन यांची जोडी जमते ती वेगळ्याच कारणाने. समोरच्या जहाजाचं संरक्षण दोन थरांचं असतं. आधी शील्ड, ती गळून पडली की धातूचं चिलखत. हे दोन थर माऱ्याच्या प्रकाराला वेगवेगळं उत्तर देतात. लेझरचा मारा उष्णतेचा, मल्टी-कॅननचा आदळणाऱ्या गोळ्यांचा, क्षेपणास्त्राचा स्फोटाचा. कोणताही बदल न केलेली शील्ड उष्णतेपुढे कमकुवत असते. १०० एककांचा उष्ण मारा तिच्यावर १२० इतका लागतो, तर १०० एककांच्या गोळ्या फक्त ६० आणि १०० एककांचा स्फोट तर ५०. साध्या चिलखतावर हे उलटतं. उष्णता १०० ला १००, गोळ्या १२०, स्फोट १४०. म्हणून सुरुवात लेझरने करून शील्ड उतरवायची आणि मग मल्टी-कॅननने चिलखत फोडायचं, ही या खेळातली सगळ्यांत रुळलेली पद्धत आहे. शत्रूनेही हे गणित केलेलं असतं हे मात्र विसरून चालत नाही. कुणी आरशासारखं परावर्तन करणारं चिलखत बसवतं. ते उष्णतेला निम्म्यावर आणतं, पण गोळ्यांपुढे आणखी हळवं होतं. कुणी शील्डला बूस्टर लावून तिची उष्णतेची बाजू भक्कम करतं. समोर कोण आहे हे माहीत नसताना दोन प्रकारचा मारा जवळ असणं शहाणपणाचं ठरतं ते यामुळे.

चिलखताच्या बाबतीत आणखी एक आकडा आहे आणि दुकानात त्याच्याकडे फार कमी जण पाहतात. तो म्हणजे भेदनशक्ती. प्रत्येक जहाजाच्या चिलखताला एक कठीणपणा असतो. साइडवाइंडरचा २०, कोब्रा मार्क ३ चा ३५, अ‍ॅनाकोंडा या अजस्र जहाजाचा ६५. शस्त्राची भेदनशक्ती त्या आकड्याहून कमी असेल तर नुकसान त्याच प्रमाणात घटतं. लहान पल्स लेझरची भेदनशक्ती २० आहे. साइडवाइंडरवर तो पूर्ण जोराने लागतो. अ‍ॅनाकोंडावर त्याच्या तीन वाट्यांपैकी जेमतेम एक वाटा पोचतो. मल्टी-कॅननचं पाहिलं तर लहान २२, मध्यम ३७, मोठी ५४, महाकाय ६८. हीच शक्ती रेलगन आणि प्लाझ्मा अ‍ॅक्सिलरेटर यांच्याकडे १०० आहे. त्यांच्यासमोर कुठल्याच चिलखताची मातब्बरी नाही. पण हा हिशोब फक्त चिलखताला लागू होतो. शील्डला कठीणपणाच नसतो, लहान लेझरही तिच्यावर पूर्ण जोराने लागतो. या एका वाक्यावर कोणतं शस्त्र कोणत्या जागी लावायचं हे ठरतं. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आता नेम. लेझर सोडला त्याच क्षणी लागतो. मल्टी-कॅननची गोळी सेकंदाला १६०० मीटर जाते आणि प्लाझ्माचा गोळा ८७५. समजा शत्रू १ किलोमीटरवर आहे आणि आपल्या समोरून आडवा, सेकंदाला ३०० मीटर वेगाने चालला आहे. मल्टी-कॅननची गोळी तिथे पोचेपर्यंत तो सुमारे १९० मीटर पुढे गेलेला असेल, प्लाझ्माचा गोळा पोचेपर्यंत जवळजवळ ३४० मीटर. अ‍ॅनाकोंडाची लांबी दीडशे मीटरच्या आसपास आहे, ईगल या चिमुकल्या लढाऊ जहाजाची तीसच्या आसपास. म्हणजे प्लाझ्मा वापरणाऱ्याला ईगलच्या दहा लांब्या पुढच्या रिकाम्या जागेवर गोळा सोडायचा असतो आणि शत्रू त्याच जागी येईल अशी खात्री हवी असते. प्लाझ्मा मोठ्या, संथ जहाजांविरुद्ध भयंकर आहे. चपळ जहाजांविरुद्ध तो फक्त त्याच्याच हातात शोभतो ज्याने शत्रूच्या मनातला पुढचा वळसा ओळखायची सवय लावून घेतली आहे.

ज्याचा हात इतका बसलेला नाही त्याच्यासाठी गिंबल आहे. शस्त्र बसवण्याच्या तीन तऱ्हा: पक्कं, गिंबलवरचं आणि टरेटवरचं. पक्कं शस्त्र जहाजाच्या नाकाच्या दिशेनेच मारतं. गिंबलवरचं थोडंसं वळून स्वतःच शत्रूवर नजर ठेवतं. टरेट चौफेर फिरतं. ही सोय फुकट मिळत नाही. गिंबलचा मारा पक्क्याहून हलका आणि टरेटचा त्याहूनही हलका. शिवाय शत्रूने चॅफ, म्हणजे संवेदकांना भुलवणारा चुरा सोडला की गिंबल भरकटतं आणि गोळ्या आजूबाजूला उडतात. यावर एक साधा इलाज आहे. शत्रूवरची निवड क्षणभर काढून टाकली की गिंबल सरळ समोर मारायला लागतं, आणि तेवढ्यापुरता वैमानिकाला स्वतःचा नेम वापरावा लागतो. गिंबलवर शिकणाऱ्याने ही एक गोष्ट बोटांत बसवून घ्यावी. बाकी बराच काळ गिंबलवरच राहिलं तरी बिघडत नाही. पक्क्या शस्त्राच्या जास्त आकड्याला भुलून अर्ध्या गोळ्या अवकाशात सोडण्यापेक्षा हलका मारा नेमका लागलेला बरा.

पक्क्या शस्त्राची अडचण माणसाने खऱ्या अवकाशातही एकदा अनुभवली आहे. १९७४ साली सोव्हिएत संघाने साल्युत-३ हे लष्करी अंतराळस्थानक सोडलं. त्यावर विमानाच्या तोफेपासून बनवलेली एक तोफ होती. ती स्थानकाच्या अंगाला पक्की बसवलेली, त्यामुळे नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवावं लागे. जानेवारी १९७५ मध्ये, आत एकही अंतराळवीर नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन ती डागण्यात आली, आणि धक्क्याने स्थानक ढळू नये म्हणून त्याच वेळी इंजिनंही चालवावी लागली. ‘एलिट’मधला वैमानिक नाक शत्रूकडे वळवण्यासाठी जी धडपड करतो, ती पृथ्वीच्या कक्षेत टनावारी वजनाच्या यंत्राने केली होती.

रेलगनकडे वळायला हवं, कारण तिच्यात या खेळाचा सगळा कस दिसतो. ती फक्त लहान आणि मध्यम जागांवर बसते, नेहमी पक्की असते आणि साठ्यात ८० गोळ्या. कळ दाबल्यावर ती आधी भारित होते, मग सुटते. सुटली की लेझरसारखी तत्क्षणी लागते, पण त्या भारित होण्याच्या काळात नेम धरून ठेवावा लागतो. आणि प्रत्येक वेळी जहाज जबरदस्त तापतं. दोन-तीन रेलगन एकत्र डागल्या की उष्णतेचा काटा धोक्याच्या रेषेपलीकडे जातो आणि आपलेच भाग होरपळायला लागतात. मग उष्णता शोषून बाहेर फेकणारे हीट सिंक वापरावे लागतात, आणि तेही मोजकेच मिळतात. म्हणजे रेलगन निवडली की डागण्याचा ठेका उष्णतेच्या काट्याला बांधला जातो. अंतर ठेवायचं, थंड व्हायचं, एक नेमका क्षण शोधायचा, डागायचं, पुन्हा थंड व्हायचं. ज्यांना हा ठेका सापडतो त्यांच्यासाठी रेलगन शत्रूच्या वीजकेंद्रापर्यंत थेट भोक पाडते. चिलखत अजून पुष्कळ शिल्लक असताना जहाज फुटतं ते अशा वेळी.

फ्रॅगमेंट कॅनन याच्या दुसऱ्या टोकाला. एका बारात १२ छर्रे, तीन बार झाले की पुन्हा भरणं. काही शे मीटरच्या आत ती शत्रूचं कातडं सोलते आणि त्यापलीकडे छर्रे पांगून निघून जातात. ती वापरणाऱ्याला शत्रूच्या शेपटाला चिकटून राहावं लागतं, म्हणून ती चपळ जहाजावरच शोभते. साधी कॅनन मला फारशी भावत नाही. भेदनशक्ती चांगली आणि आतले भाग फोडायला उत्तम असली तरी तिचा गोळा सेकंदाला ९०० ते १२०० मीटरच जातो. टॉर्पेडो प्रचंड नुकसान करतो, पण त्याचा वेग सेकंदाला फक्त २५० मीटर, कित्येक जहाजं त्याला मागे टाकून निघून जातात. साधी क्षेपणास्त्रं शील्डवर वाया घालवू नयेत. शील्ड उतरल्यावर बाहेरची यंत्रणा, म्हणजे शत्रूची शस्त्रं आणि इंजिनं निकामी करायला ती फार कामाची असतात. सुरुंगांबद्दल एवढंच: पळणाऱ्याने मागे टाकावेत.

मोठी गोळी आणि संथ मारा की लहान गोळी आणि झड, हा प्रश्न १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात खरोखरच्या माणसांपुढे होता. ब्रिटिश स्पिटफायरच्या पंखांत ८ ब्राउनिंग मशिनगन होत्या, प्रत्येकीला ३०० गोळ्या. सलग कळ दाबली तर सगळ्या मिळून पंधराएक सेकंदांत संपणाऱ्या. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, प्रत्येकीला ६० गोळे. एक गोळा लागला तरी भगदाड पडायचं. मग ब्रिटिशांनीही त्याच उन्हाळ्यात १९ व्या स्क्वाड्रनला २० मिलिमीटरच्या तोफा बसवलेली स्पिटफायर विमानं दिली. पातळ पंखात मावाव्यात म्हणून तोफा कुशीवर आडव्या बसवल्या होत्या आणि त्या ऐन झुंजीत अडकत राहिल्या. स्क्वाड्रनने मशिनगनची विमानं परत मागून घेतली. कागदावर तोफ सरस होती, आणि पुढे ती दुरुस्त होऊन सगळीकडे आलीही. पण त्या सप्टेंबरात वैमानिकाला जे शस्त्र हमखास चालेल तेच हवं होतं. खेळातल्या मल्टी-कॅनन आणि कॅननच्या निवडीत हाच पेच आहे, फक्त तिथे हरलं तर विम्याचे क्रेडिट भरून नवं जहाज मिळतं.

मे २०१६ मध्ये खेळात ‘एंजिनीअर’ नावाची पात्रं आली आणि वर सांगितलेले आकडे वाकवता येऊ लागले. ठिकठिकाणी बसलेले हे कारागीर साहित्य घेऊन शस्त्राचा गुणधर्म बदलून देतात. मल्टी-कॅननला असा परिणाम देता येतो की तिच्या गोळ्यांचा बहुतेक मारा उष्णतेचा होतो, म्हणजे तीच मल्टी-कॅनन शील्डवरही धावून जाते. दुसरा एक परिणाम चिलखत गंजवतो: शत्रूच्या चिलखताचा कठीणपणा काही काळ घटतो आणि त्यावर होणारं सगळं नुकसान २५ टक्क्यांनी वाढतं. हा परिणाम दोन शस्त्रांवर लावून दुप्पट होत नाही, त्यामुळे एका लहान मल्टी-कॅननवर लावला की पुरतं. तिचा स्वतःचा मारा नगण्य असला तरी बाकी सगळी शस्त्रं धारदार करणारं ते शस्त्र होतं. बीम लेझरला एक परिणाम असा आहे की लेझर शत्रूवर लागत असेल तर आपलं जहाज थंड होतं आणि चुकला तर आणखी तापतं. मला हा सगळ्यांत सुंदर वाटतो. नेम चांगला असलेल्या माणसाला त्यातून रेलगन डागायची उसंत मिळते आणि नसलेल्याला तो भाजून काढतो.

या सगळ्या हिशोबाला छेद देणारा शत्रू म्हणजे थारगॉइड. १९८४ च्या ‘एलिट’मध्येही ही परग्रही जमात होती. ती जहाजांना दोन ताऱ्यांमधल्या अतिअवकाशात अडवायची. २०१७ मध्ये ती नव्या खेळात परतली तेव्हा खेळाडूंची वर्षानुवर्षं जमवलेली शस्त्रं तिच्या मोठ्या इंटरसेप्टर जहाजांवर जवळजवळ निकामी ठरली. त्यांच्यासाठी वेगळी मल्टी-कॅनन, वेगळी क्षेपणास्त्रं आणि गार्डियन या लोप पावलेल्या संस्कृतीच्या अवशेषांतून मिळणाऱ्या आराखड्यांवर बनलेली गॉस तोफ लागते. अशी शस्त्रं एका जहाजावर चारच लावता येतात, जहाज केवढंही असो. इंटरसेप्टरची हृदयं एकेक करून उघडी पाडून फोडावी लागतात. सायक्लॉप्सला ४, बॅसिलिस्कला ५, मेड्युसाला ६, हायड्राला ८. आणि जहाजाची उष्णता २० टक्क्यांच्या खाली ठेवली तर त्यांचा नेम चुकायला लागतो, म्हणून तापणारी गॉस तोफ आणि थंड राहण्याची गरज यांची ओढाताण पूर्ण झुंजभर चालते. या युद्धात माणसांच्या वस्तीत उतरलेल्या ८ महाकाय थारगॉइड जहाजांना खेळाने निरनिराळ्या संस्कृतींतल्या मेघगर्जनेच्या देवांची नावं दिली होती. त्यांत थोर आणि रायजिन यांच्याबरोबर एकाचं नाव इंद्र होतं. वज्र घेऊन वृत्रावर धावलेल्या देवाचं नाव शत्रूच्या जहाजाला मिळालेलं पाहून मला थोडं थबकायला झालं होतं.

थारगॉइडांशी लढणं पुढची पायरी. साइडवाइंडरनंतर व्हायपर मार्क ३ किंवा कोब्रा मार्क ३ घेतलेल्या माणसाकडे दोन मध्यम आणि दोन लहान हार्डपॉइंट असतात, आणि वरच्या सगळ्या चर्चेवरून त्याची मांडणी जवळजवळ आपोआप ठरते. लहान जागांवर पल्स लेझर लावावेत. त्यांचं काम शील्ड उतरवणं आणि शील्डला कठीणपणा नसल्यामुळे त्यांच्या लहानपणाने काही बिघडत नाही. मध्यम जागांवर मल्टी-कॅनन, कारण चिलखताशी झुंजायचं तर ३७ ची भेदनशक्ती हवी. समोर दुसरा व्हायपर किंवा कोब्रा आला, कठीणपणा ३५, तर एकही गोळी वाया जात नाही. चारही शस्त्रं गिंबलवर. पल्स काटकसरी असल्यामुळे डिस्ट्रिब्युटरवर ताण येत नाही आणि दोन पिप शस्त्रांकडे ठेवून उरलेले चार शील्ड आणि इंजिन यांच्यात फिरवता येतात. लेझर पहिल्या कळीवर, मल्टी-कॅनन दुसऱ्या कळीवर. पडद्यावरचं शत्रूच्या शील्डचं वर्तुळ विझेपर्यंत मल्टी-कॅननची कळ दाबायची नाही, म्हणजे २१०० गोळ्या दोन-चार गुन्हेगारांत न संपता अख्ख्या फेरीला पुरतात. आणि झुंजीचं अंतर ५०० मीटरच्या आसपास राखायचं, जिथे लेझरचा जोर अजून पूर्ण असतो.